दहा मिनिटांचा बदली माणूस

"निघा. तुमची दहा मिनिटं सुरू झाली."

हॉटेलच्या रिसेप्शनवर पाहुण्यांची रांग काउंटरपासून थेट दारापर्यंत गेलेली, फोन कानाला, खोलीत गरम पाणी येत नाही म्हणून एक आजोबा टेबल बडवताहेत... आणि अशा वेळी कोणी अनोळखी माणूस शेजारी येऊन 'निघा' म्हणतो म्हणजे काय! तिने मान वर केली. उंच, जरासा वाकलेला, बाहेरच्या अवकाळी भुरभुर पावसाने खांदे ओले. छातीवर पट्टी होती, 'बदली'.

"आपण कोण?"

"बदली माणूस. एकतीस डिसेंबरपर्यंत. ज्याचा जीव मेटाकुटीला आलाय, त्याच्या जागी मी दहा मिनिटं उभं राहायचं. त्याने बाहेर जाऊन श्वास घ्यायचा. मॅनेजरबाईंची नवी योजना आहे."

"माझा जीव अगदी ठिकाणावर आहे."

"तुम्ही रिसीव्हर उलटा धरलाय."

तिने रिसीव्हर सुलटा केला, गाल लाल झाले ते झालेच, आणि त्याला सरळ हाकलून दिलं.

हॉटेलात तिला सगळे 'बाईसाहेब' म्हणायचे. नाताळच्या गर्दीत बाईसाहेब बसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. सकाळी सातपासून ती हसायची, इतकी की घरी गेल्यावर गाल ठणकायचे. अंघोळ करताना रिसेप्शनचा फोन वाजल्याचा भास व्हायचा. छातीत धडधडायचं. आई फोनवर विचारायची, "बरी आहेस ना गं?" आणि ही म्हणायची, "मला काय धाड भरलीये?"

जागा न सोडण्याचं खरं कारण निराळं होतं. मागच्या नाताळात तिच्या शेजारी उभी राहणारी मुलगी भर दुपारी गणवेशातच निघून गेली आणि परत आली नाही. "नाजूक होती," सगळे म्हणाले. बाईसाहेबही म्हणाल्या. आता मॅनेजरबाई आपल्या हाताखाली एक साहाय्यक नेमणार होत्या, आणि ती जागा हिला हवी होती. नाजूक माणसाला ती कोण देणार?

बदली मात्र रोज यायचा.

"आज?"

"नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही. तुम्हाला दुसरं काम नाही का?"

"नाही ना! तीच तर पंचाईत आहे." त्याने आवाज खाली आणला. "वेटर म्हणतात, बाईसाहेब बसत नाहीत तर आम्ही कसे बसणार? भांडी घासणाऱ्या मावशीही तेच म्हणतात. तुम्ही हलला नाहीत, तर इथे कोणीच हलणार नाही."

हे तिला झोंबलं. पण ती हलली नाही.

चौथ्या दिवशी एक बाई निघताना म्हणाली, "छान सोय केलीत हो, थँक्यू." बस, एवढंच. आणि बाईसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. का, ते तिलाही कळेना. बदलीने तिच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या. "जा," तो हळूच म्हणाला. त्या एका शब्दात उपकाराचा लवलेश नव्हता, म्हणून ती गेली.

मागच्या अंगणात रिकाम्या बाटल्यांचे क्रेट होते. तिला बसताच येईना. तिने क्रेट सरळ रचले, मग उंचीप्रमाणे रचले, आणि सहा मिनिटांत परत आली.

"अजून चार उरलीत," तो म्हणाला.

"तुम्ही चुकीच्या किल्ल्या देताय."

"एकच दिली. आणि ते नवरा-बायको भलतेच खूश आहेत. मोठी खोली मिळाली."

तिला हसू फुटलं. पगारी नव्हे, खरं.

मग ती रोज दहा मिनिटं घेऊ लागली, आणि तिच्यामागोमाग वेटर घेऊ लागले, मावशी घेऊ लागल्या, दरवानकाकासुद्धा. बदलीला फुरसत उरली नाही. त्यातच एक भलतीच अडचण तिच्या लक्षात आली. ती विसावा घ्यायची तेव्हा तो तिच्या जागी उभा असायचा. म्हणजे ज्याच्याशी बोलावंसं वाटतं, तोच नेमका काउंटरवर! हाती उरायचं ते जागा बदलतानाचं अर्धं मिनिट. ती मुद्दाम लवकर परतू लागली... सात मिनिटांत, पाच मिनिटांत.

"असं नाही चालायचं हं," तो पाहुण्याला पेन देता देता पुटपुटायचा. "विश्रांती अर्धवट टाकू नये."

"मला तिथे करमत नाही."

"आणि इथे?"

"इथे... पेनं नीट लावायची असतात."

त्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटांतून तिला त्याची गोष्ट कळली. तो मुळात स्वयंपाकी. दोन वर्षांपूर्वी ऐन नाताळात, चुलीवर सूप उकळत ठेवून, तो ॲप्रनसकट रस्त्यावर आला आणि अंधार पडेपर्यंत चालत राहिला. "कोणी नुसतं 'बरा आहेस ना' विचारलं असतं, तर गेलो नसतो."

दुसऱ्या दिवशी तिने तिची दहा मिनिटं मागच्या वर्षीच्या त्या मुलीला फोन करण्यात घालवली. "मी तुला नाजूक म्हटलं होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं." पलीकडून आवाज आला, "ताई, तुम्ही जेवता ना वेळेवर?" त्या दिवशी ती काउंटरवर उशिरा परतली. बदलीने तिचे डोळे पाहिले आणि काही विचारलं नाही. ती त्याच्या प्रेमात पडली असेल तर बहुतेक तेव्हाच.

चोवीस तारीख उजाडली. हॉटेल खच्चून भरलेलं. बदली सकाळपासून कधी भांड्यांपाशी, कधी दारावर, कधी तिच्या जागी. दुपारी तो आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"तुमच्या जागी कोण उभं राहतं?" तिने विचारलं.

"बदलीला कुठला आलाय बदली?" तो हसला. "सात दिवस राहिलेत. मग योजना बंद. नाताळ संपला की ताण संपतो म्हणे."

काउंटर त्याच्या हवाली करून ती तडक मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेली. आत दोन मोठे शेफही बसले होते. परत फिरावं असं एकदा वाटलं. पण ती बोलली.

"बाई, योजना बंद करू नका. मला ती दहा मिनिटं लागतात."

"तुला?"

"मला. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, विनाकारण रडू येतं. जानेवारीतही येईल. साहाय्यक म्हणून दुसरं कोणी बघा हवं तर. पण आत्ता तुम्ही काउंटरवर चला. त्या माणसाला बसायला हवंय."

शेफ आपापल्या बुटांकडे बघू लागले. मॅनेजरबाईंनी खुर्चीवरचा कोट उचलला. "योजनेचं बघू. जागा तुझीच आहे, वेडाबाई. चल."

मागच्या अंगणात, पत्र्याखाली, दोघं पहिल्यांदा शेजारी बसले. पाऊस बारीक पडत होता. इतके दिवस साठवलेलं बोलणं एकालाही आठवेना. ती पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा करत होती.

"एकतीसला मी गेलो तर..." त्याने सुरुवात केली.

"जायचं नाही."

"हे हॉटेलच्या वतीने सांगताय?"

"हॉटेलच्या वतीने आत बोलून आले. हे माझ्या वतीने."

तो हसला, मग कुठे बघावं ते कळेना म्हणून बाटल्यांकडे बघत म्हणाला, "मी पहिल्या दिवशी तीनदा तुमच्या काउंटरवरून गेलो होतो. योजना मॅनेजरबाईंची... पण सुरुवात तुमच्यापासून करायची, हे माझं मी ठरवलं होतं."

"का?"

"आता हेही सांगू?"

"सांगा ना. मला वेळ आहे."

त्याने सांगितलं नाही, तिचा हात धरला.

आतून मॅनेजरबाईंची हाक आली, चांगलीच घायकुतीला आलेली. "बाईसाहेब! अगं, ही रांग संपतच नाही!"

तो सवयीने उठायला लागला. तिने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"तीन मिनिटं आहेत अजून," ती म्हणाली.