काही बिघडलेलं नसताना

ती गोष्ट २००३ सालची. जंगलातल्या नदीकाठच्या आमच्या इकितोस शहरात तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. लोक इंटरनेटसाठी माझ्यासारखीच्या दुकानात येत. नवरा गेल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीत सहा यंत्रं मांडली होती. त्यातलं एक मुख्य, ते थांबलं की बाकीची आंधळी. आमच्याकडे पत्र्याखाली माणूस वितळतो, तिथे यंत्राची काय कथा... म्हणून त्या मुख्य यंत्राच्या पेटीत मी पाच पंखे बसवून घेतले होते. तरी जीव टांगणीला असायचा. ते जळलं तर दुसरं घ्यायची ऐपत नव्हती, आणि आईचं नि माझं पोट त्याच्यावर.

जूनमधली दुपार. सर आली आणि एक माणूस धावत आत शिरला. पन्नाशीचा, निथळणारा. दारातच थबकला, नाक वर केलं.

"सेन्योरा, काहीतरी जळतंय."

"आईचं केळं असेल. ती नेहमी करपवते."

"केळं नाही... प्लास्टिक." आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं वाकून मुख्य यंत्राचा प्लग उपटला. गिऱ्हाइकांनी एकच गिल्ला केला.

"तुम्ही कोण हो, माझं दुकान बंद करणारे?"

"तेओबाल्दो शापियामा. पुकाल्पाला जाणाऱ्या बोटीवर वायरमन. बोट दुरुस्तीला लागलीय, म्हणून मोकळा."

त्यानं पेटी उघडली. एका स्प्लिटरला, म्हणजे फाटे फोडणाऱ्या तारेला, दुसरा, त्याला तिसरा, असे पाचही पंखे मदरबोर्डच्या एकाच खाचेवर लटकत होते. खाचेजवळची तार तपकिरी होऊन वितळली होती.

"फाटे वाढवले म्हणून वीज वाढत नाही," तो हळूच म्हणाला. "प्रत्येक पंख्याच्या पाठीवर लिहिलंय तो किती ओढतो. पाचांची बेरीज करा. ही खाच तेवढं देऊच शकत नाही. सुरू होताना तर ते आणखी ओढतात."

"मग काढून टाकू? उकाड्यानं मरेल ते."

"पॉवर सप्लायमधून थेट वीज घेणारा स्प्लिटर मिळतो, लिमाहून मागवतो. तोवर दोनच पंखे, वेगवेगळ्या खाचांवर. झाकण उघडं ठेवा. आणि मी..." तो अडखळला. "मी रोज दुपारी बघून जाईन. तुमची हरकत नसेल तर."

तो येऊ लागला. तारेच्या वेष्टणावर बोट ठेवायला त्यानं मला शिकवलं. "गार लागली तर निर्धास्त. कोमट लागली तर शंका. चटका बसला तर आधी बंद करा, मग विचार."

एकदा दोघांची बोटं एकाच तारेवर आली. कुणीच काढलं नाही.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"तार... गार आहे."

"मग माझंच बोट गरम असेल."

झोपाळ्यातून आई ओरडली, "अहो शापियामा, ताप यंत्राचा बघायचाय की माझ्या मुलीचा?"

मला मात्र दोन धास्त्या लागल्या होत्या. स्प्लिटर यायच्या आधी यंत्र जळेल, ही एक. आणि स्प्लिटर आला की हा कशाला येईल, ही दुसरी. जूनअखेरचा सान हुआनचा सण झाला की बोट सुटणार होती.

सणाच्या आदल्या दिवशी मी पानात भाताचे हुआने बांधत बसले होते. तो पुन्हा भिजून आला. आईनं त्याला पंचा दिला, मी त्याचा सदरा चुलीजवळ वाळत घालायला घेतला. खिशातून पुडी पडली. स्प्लिटर.

"हा कधी आला?"

त्यानं वाकून पुडी उचलली. "गेल्या आठवड्यात."

"आणि मी झोपेतून उठून त्या पेटीचा वास घेतेय..."

"दोन पंख्यांवर धोका नव्हता. म्हणून तर रोज येऊन—"

"मला नका सांगू. माझं पोट आहे ते."

त्यानं मान खाली घातली. "बसवल्यावर कुठल्या तोंडानं आलो असतो?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आधी बसवा," मी म्हणाले.

त्यानं यंत्र बंद केलं. स्प्लिटरचं एक टोक पॉवर सप्लायला, पाचही पंखे त्याच्यावर. मदरबोर्डकडे गेली ती फक्त वेग सांगणारी एक बारीक तार. यंत्र सुरू झालं, पाचही पंखे गुणगुणले. मी बोट ठेवून पाहिलं. गार.

"झालं." त्यानं ओला सदरा उचलला. "बोट परवा सुटतेय."

"उद्या हुआने खायला या."

"का? आता काय बिघडलंय?"

"काही नाही," मी पानं आवरत म्हणाले. "काही बिघडलेलं नसताना या."

तो आला. बोट दुसरा वायरमन घेऊन गेली.

आई काही वर्षांनी गेली, शेवटपर्यंत त्याला टोमणे मारत आणि त्याच्याच हातचं सूप पीत. लोकांच्या हातात फोन आले तसं दुकान बंद झालं. मुख्य यंत्र भंगारात निघालं, पण जळलं कधीच नाही. तेओबाल्दो या घरात सतरा वर्षं राहिला. तो वारला त्यालाही आता बराच काळ झाला.

दुपारी मी अजून फ्रिजच्या मागे हात घालून तारेवर बोट ठेवते. गार लागते. तरी थोडा वेळ बोट काढत नाही.