उत्तर हरवलेला एव्हेलिओ

गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून फिरणाऱ्या इस्त्रीच्या वाफेतून आरासेलीने मान वर केली, तर दारात तोच. एकाच दुपारी तिसऱ्यांदा.

"माफ करा… नाट्यगृह नक्की कुठल्या गल्लीने?"

"मघापासून तिकडेच निघालायत ना तुम्ही?"

"निघतो तिकडेच, पोचतो इथे." तो ओशाळून हसला. केसांत लाकडाचा भुसा होता. "मी एव्हेलिओ. नाट्यगृहात सुतारकामाला आलोय. सोनोरा प्रांतातला… नोर्तेन्यो."

"उत्तरेकडचे? नोर्तेआदो म्हणा की."

"म्हणजे वाट चुकलेला?"

"वाटच चुकायला हवी असं नाही. डोक्यात गोंधळ उडाला, काय करावं सुचेना, तरी माणूस नोर्तेआदोच. उत्तर दिशाच सापडत नाही ना त्याला."

"मग मी दोन्ही अर्थांनी—" तो तिच्याकडे बघत राहिला.

"डावीकडे वळा," ती तुटकपणे म्हणाली.

ग्वानाख्वातो शहराच्या गल्ल्यांत नवखा माणूस चुकतोच. पण आठवडा झाला तरी हा रोज दारात! रेमेदिओस मावशीने कान टोचले, "फेर्मीनही असाच गोड बोलायचा हो."

आरासेली ते विसरली नव्हती. मागच्या वर्षी त्या फेर्मीनवर तिने जीव टाकला, आणि तो मावशीचं शिलाई मशीन घेऊन पसार झाला. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम उलटी वाट सांगितली. "उजवीकडे… मग सरळ वर."

तासाभराने तो परतला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"दफनभूमी छान आहे," तो म्हणाला. "शांत."

तिला हसू आलं. ते तिने गिळलं.

रविवारी बाजारातून येताना मात्र तिचे पाय थबकले. पुढे एव्हेलिओ चालला होता, एका म्हातारीची पिशवी खांद्यावर घेऊन, तिच्या चार पावलं पुढे. ती गुपचूप त्यांच्या मागे गेली. कुठे थांबणं नाही, विचारणं नाही. बोळ, जिना, पुन्हा बोळ… म्हातारीला त्याने नेमकं तिच्या दाराशी पोचवलं. म्हणजे सगळं नाटक होतं तर.

सोमवारी तो आला, तेव्हा ती उंबऱ्यातच उभी होती.

"आज कुठली वाट हवीय? काल तर न चुकता फिरत होतास."

त्याचा चेहरा उतरला. "पाहिलंस तू?"

"काय चोरायचंय? मशीन तर आधीच गेलंय."

"दोन-चार दिवसांतच गल्ल्या पाठ झाल्या," तो खाली बघत म्हणाला. "पण इथे यायला दुसरं निमित्त सुचेना. इस्त्रीला द्यावा असा एक धड शर्ट नाही माझ्याकडे."

"आणि दफनभूमी?"

"वाट उलटी आहे, ते कळलं होतं."

"तरी गेलास?"

"तू पाठवलंस ना… म्हटलं, परत येऊन भांडता तरी येईल." तो थांबला. "भांडायचंही राहिलं. तू ओठ दाबून हसत होतीस. आवडतेस तू मला, आरासेली. हे खोटं वाटत असेल तर उद्यापासून नाही येणार."

तिने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. काळंबेरं काही सापडेना, आणि त्याचाच तिला जास्त संशय आला.

आतून मावशीने विचारलं, "कोण आहे गं?"

"सुतार आहे," आरासेली म्हणाली. तिने त्याची बाही धरून त्याला आत ओढलं. "जेवायला थांबतोय. काळजी करू नकोस मावशी, याच्यावर नजर मी ठेवते."