चंपीचं पोतं

दिवाळीनंतरच्या रविवारी शुभांगी दिंडोरीहून मामाच्या मळ्यातलं पिल्लू स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन आली, ते घरात कुणालाही न विचारता. महिन्यापूर्वी ती शाळेच्या खो-खो संघाची कप्तान झाली होती आणि तेव्हापासून विचारणं हा प्रकारच तिने सोडून दिला होता. पाहुणे आले की मोरीत जाऊन लपणारी मुलगी ती हीच, यावर आता आईचासुद्धा विश्वास बसत नसे.

पिल्लू काळंभोर, गळ्याशी पांढरं, आणि पोट असं की चालताना जमिनीला घासायचं. नाव ठेवलं ढब्या.

ढब्या दिवसभर शहाण्यासारखा वागला. दिवे मालवले आणि त्याने गळा काढला.

सिडकोतली घरं भिंतीला भिंत लावून. सोमवारी सकाळी शेजारच्या कुसाबाईंनी पिल्लू आणलंय की कारखान्याचा भोंगा, असं ओट्यावरूनच विचारलं. पप्पा ओझरला विमानाच्या कारखान्यात ड्रिल मशीनवर होते, पहिल्या पाळीची बस पहाटे साडेपाचला. तीन रात्री त्यांना झोप नाही. बुधवारी उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी बांधून घरी आले, जेवले, आणि ताट सरकवून म्हणाले, "रविवारपर्यंत. तोवर हा गप निजायला लागला नाही, तर तुझ्या मामाच्या मळ्यात परत."

"निजेल," शुभांगी म्हणाली.

"आणि नाही निजला तर?"

"निजेल म्हटलं ना पप्पा."

तिने वहीत यादीच केली होती. घड्याळ टॉवेलात गुंडाळून ढब्याजवळ ठेवलं, म्हणजे आईच्या काळजाचे ठोके वाटावेत. त्याने घड्याळावर मुतून ठेवलं. गरम पाण्याची बाटली ठेवली, ती चावली. राहिला शेवटचा उपाय, आईच्या अंगाचा वास. मंगळवारीच तिने कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून देवराममामाला फोन करून सांगितलं होतं, ढब्याची आई चंपी ज्या पोत्यावर निजते ते पोतं मला हवंय, धुवायचं नाही, झटकायचंही नाही. मामा हसला होता. बुधवारी संध्याकाळी भाजीच्या टेम्पोतून पोतं आलं. साधं गोणपाट, एका कोपऱ्याला मोरचुदाचा निळा डाग. द्राक्षांवर फवारतात तो. त्याला ओल्या मातीचा, गंधकाचा आणि खाली कुठेतरी आंबूस दुधाचा वास होता.

पुढच्या खोलीत दाराशी ते अंथरलं. ढब्याने तीन चकरा मारल्या, नाक खुपसलं, आणि झोपला. रात्रभर हूं नाही की चूं नाही.

गुरुवारी सकाळी शुभांगीने वहीत मोठी बरोबरची खूण केली आणि ताटलीत दूध ओतलं. ढब्याने हुंगून तोंड फिरवलं. त्याचं पोट टम्म होतं. ओठांना पांढरं काहीतरी लागलेलं. आईने चोरून पाजलं असणार, असं धरून चालून तिने पोतं उचललं. मधोमध एक खळगा होता. ढब्याच्या मापाचा नाही, चांगला हातभर लांब. तिने त्यात तळवा टेकवला. ढब्या तर केव्हाचा उठला होता, पण पोतं अजून ऊब धरून होतं.

आईला विचारलं. आई म्हणाली, मला काय रिकामे उद्योग नाहीत?

शुक्रवारी ढब्या पोत्यावर नव्हता. तो बाहेर ओट्यावर निजला होता, आणि त्याच्यापर्यंत जायला शुभांगीला दाराची कडी आतून काढावी लागली. पप्पा तेव्हा मोरीत दाढी करत होते, त्यांनी दार उघडलं नव्हतं. खिडकीला जाळी. मोरीच्या भोकातून उंदीर जेमतेम यायचा. शुभांगीने घर एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून तपासलं. गणित सुटत नसलं की ती पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडायची, तसं तिने हेही मांडून पाहिलं. सुटलं नाही. ढब्याला उचललं तेव्हा त्याची मानगूट ओली लागली. केस चिकटून उभे राहिलेले.

पप्पा मात्र शिट्टी वाजवत बस पकडायला गेले.

शनिवारी तो फाटकापाशी होता. मानगूट ओली.

शाळा सुटल्यावर तिने पुन्हा बूथ गाठला. मामा बाजारात गेलेला, फोन मळ्याचे राखणदार लहानूबाबांनी उचलला. शुभांगीने आधी ढब्याचं कौतुक सांगितलं. मग विचारलं, चंपी कशी आहे?



"चंपी नाय आता, पोरी. मंगळवारी रातच्याला तिला पान लागलं." पान लागणं म्हणजे साप चावणं. मळ्यात रात्रीच्या गोष्टी सांगताना सापाचं नाव घेत नाहीत.

"मग हे पोतं?"

"तिचंच हाय. आमच्यात राखणीच्या कुत्रीला तिच्या पोत्यासकट मातीआड करत्यात. नायतर ती उठून पोतं हुडकीत फिरती. पण देवरामदादा म्हनलं भाचीनं मागितलंय, धाड. मंग तशीच उघडी पुरली बांधाला. तिची बाकीची दोन पिल्लं काल सकाळी त्या बांधावर गावली. गार पडल्याली. पोतं धाडून दे. मी बांधाला पुरतो."

बूथवाल्याच्या यंत्रावर लाल आकडे पळत होते. शुभांगीने ते पाहिले नाहीत. ती विचार करत होती, आणि तिला विचार करायला फार वेळ लागायचा नाही. पोतं गेलं की ढब्या रडणार. रडला की रविवारी त्याची रवानगी. आणि रवानगी कुठे, तर त्याच मळ्यात, त्याच बांधाशेजारी.

"नाही देणार, बाबा," ती म्हणाली.

"पोरी, ती आई हाय."

"असू दे. मी पण काही कमी नाही."

घरी तिने जाहीर केलं की आज मी पुढच्या खोलीत निजणार. आईने कपाळाला हात लावला. पप्पा म्हणाले, निजू दे, उद्या निकाल आहे.

तिने अंगात खो-खोचा टी-शर्ट घातला, पाठीवर कप्तानाचा एक नंबर होता तोच. केसांची लाल रिबीन सोडून तिचं एक टोक ढब्याच्या गळ्यात बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला. दाराची कडी घातली, दोनदा ओढून पाहिली. मग ढब्याला कुशीत घेऊन ती पोत्यावर आडवी झाली. गोणपाट गालाला टोचत होतं.

सामन्याआधी समोरच्या संघाकडे बघायची तशी तिने अंधाराकडे नजर लावली.

"चंपे, ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. "पाजायला ये. रोज ये. माझी ना नाही. पण हा माझा आहे. न्यायचाच असेल, तर आधी मला न्यावं लागेल."

काहीच झालं नाही.

ती जागी राहणार होती. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मोजत होती. दोनचे मोजले. मग पाठीला ऊब लागली, बरं वाटलं, आणि गंधकाचा वास आला.

जाग आली ती गारठ्याने.

वर आकाश होतं, फटफटायला लागलेलं.

ती फाटकाच्या बाहेर होती, रस्त्यावर. ढब्या कुशीत, गाढ. छाती वरखाली होत होती. रिबीन तशीच, दोन्ही गाठी पक्क्या.

त्याची मानगूट कोरडी होती.

तिने दार ढकललं. आतून कडी. बेल वाजवावी लागली.

डोळे चोळत आईने कडी काढली, तिच्याकडे पाहिलं, हातातल्या कडीकडे पाहिलं. ती काही विचारणार तेवढ्यात आतून पप्पा आले. आळस देत म्हणाले, "शब्दाला जागलं हो तुझं कुत्रं. काय झोप लागली. राहू दे त्याला."

ढब्या राहिला. शुभांगी जिंकली होती. तिला उड्या मारायच्या होत्या. पण आधी मोरीत जाऊन तिने टी-शर्ट काढला आणि बादलीत बुडवला, आईने पाहायच्या आत. कॉलर मागच्या बाजूने चिंब ओली होती. कापडाला चार बारीक भोकं पडली होती, अंगाला ओरखडासुद्धा नव्हता.

आईने रोजच्यासारखा दुधाचा पेला पुढे केला. शुभांगीने तो तोंडाशी नेला, हुंगला आणि खाली ठेवला.

तिचं पोट भरलेलं होतं.