पुढच्या सीटचा पट्टा

शेवटची बस गेली म्हणून तुम्ही तिघं त्या बाकावर बसून गाडीची वाट बघणार म्हणताय. नका बसू. मी सोडतो तुम्हाला. शेगडीतली लाकडं विझेपर्यंत थांबा आणि एवढं ऐकून घ्या. आन्सगार माझा शेजारी. उगाच बोलणारा माणूस नव्हे. त्यानं सांगितलं तसं सांगतो.

लिंडेल्सबाखच्या वेशीवरचा तो हिरवा बाक. शेजारच्या खांबावर गावांच्या पाट्या. जिथं जायचं त्या गावाची पाटी खाली पाडायची आणि बसायचं, म्हणजे तिकडे जाणारा कुणीतरी गाडीत घेतो. एरवी सोय चांगलीच आहे, नाही म्हणत नाही.

नोव्हेंबरातला शनिवार होता, मृतांच्या रविवारच्या, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायच्या त्या रविवारच्या आदल्या दिवशीचा. हाम्बुर्गहून वीबके आली होती, आन्सगार आणि त्याची बायको गुडरून यांची कॉलेजपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यापासून ती वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. तिच्या मुलीनं आन्सगारला फोन केला होता, "काका, आईला जरा हिंडवून आणा. आणि नीट घरी आणा."

हिंडवलं. तीन गावं केली. वाकडी झालेली लाकडी चौकटींची घरं बघितली, तटावरून चक्कर मारली, मनोरा चढून धापा टाकल्या. कबरस्तानात लोक हिवाळ्यासाठी थडग्यांवर हिरव्या फांद्या अंथरत होते, तिथं ती गप्प झाली. मग लिंडेल्सबाखला प्लमचा केक खाल्ला आणि पुन्हा तोंड सुरू.

"आन्सगार, तू गाडी चालवतोस की मिरवणूक काढतोस? ट्रॅक्टर गेला रे आपल्या पुढे."

"सांग, सांग," गुडरून मागून म्हणाली. "माझं तर ऐकतच नाही."

वळणांवर मळमळतं म्हणून वीबके पुढे बसली होती. वर्षभरानं ती अशी हसत होती आणि आन्सगारला मनापासून बरं वाटत होतं. वेशीपाशी आले तेव्हा गुडरूनला आठवलं, घरी न्यायला बांधून घेतलेला केक दुकानातच राहिला.

"तुम्ही या जाऊन," वीबके म्हणाली. "मी जरा मोकळ्या हवेत बसते." बाकावर बसली आणि आन्सगारच्या आणि माझ्या गावाची, हिर्त्सेनाउची पाटी खाली ओढली. "परत याल तेव्हा ओळख दाखवायची नाही हं. मी विचारणार, साहेब, सोडता का?"

"सोडतो की. पण बाई, गाडीत बडबड चालणार नाही."

पाच वाजले होते. काळोख पडला होता आणि नदीवरून धुकं चढत होतं.

दहा मिनिटांत परत आले. बाक रिकामा होता. पाटी खालीच.

आधी वाटलं, चेष्टा करतेय. हाका मारल्या. झुडपांमागे बघितलं. मग आन्सगारनं फोन लावला. तिनं लगेच उचलला. हसतच.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि फोन कसा केलास रे?"

"वीबके, कुठे आहेस?"

"तुझ्या गाडीत. बडबड करू नको म्हणालास, तर आपणच गप्प बसलास. गुडरूनपण बोलत नाही मागे. पुरे झालं आता नाटक."

आन्सगारनं शेजारी बघितलं. गुडरून उभी होती. हातात केकचा डबा.

"वीबके… मी बाकापाशी आहे. गुडरूनही इथं आहे."

पलीकडून इंडिकेटरची टिकटिक तेवढी.

"उतर. ऐकतेस ना? दार उघड. उतर."

टिकटिक…

मग अगदी हळू, "पट्टा… सुटत नाहीये, आन्सगार."

टिकटिक…

मग तीही नाही.

रात्रभर त्यानं प्रत्येक रस्ता पालथा घातला. पोलीस झाले, कुत्री झाली, तळं उपसून झालं. काही नाही. मुलगी आली, नुसती बसून राहिली. नीट घरी आणा एवढंच तिनं सांगितलं होतं. आन्सगार म्हणतो, तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही माझी.

डिसेंबरात एका संध्याकाळी तो आणि गुडरून गाडीनं त्याच बाकासमोरून चालले होते. पुढची सीट तेव्हापासून रिकामीच ठेवायचे. हिर्त्सेनाउची पाटी खाली पडलेली. गाडी पुढे गेली… आणि पट्टा लावा म्हणून सांगणारा तो आवाज वाजायला लागला. पुढच्या रिकाम्या सीटसाठी.

थांबेना. मागे गुडरून रडत होती. आन्सगारनं गाडी थांबवली, हात लांब करून पट्टा ओढला आणि लावला. आवाज बंद.

हळूहळू घरी आणली गाडी. अंगणात पलीकडचं दार उघडलं. म्हणाला, "वीबके, आलो घरी. उतर."

बटण दाबलं.

पट्टा सुटला नाही.

गॅरेजवाल्यांनी हात टेकले. कापायला आन्सगारनं दिला नाही. त्यानं गाडी चालवणंच सोडलं. भंगारात द्यायचा धीर त्याला होईना, म्हणून मी घेतली. आता मलाही होत नाही.

चला, लाकडं विझली. तिघंही मागे बसा, दाटीवाटीनं. पुढे कुणी नाही, बघा हवं तर दिवा लावून. लावलेला पट्टा तेवढा सीटला टेकत नाही, कुणाच्या अंगावरून गेल्यासारखा.