गारव्याची पैज

पैज लागली ती बोरीच्या बांधावर, अन् तीही उगाचच.

"सोमवारी तोडलेली तुझी स्ट्रॉबेरी गुरुवारच्या ओतूर बाजारात ताजी दिसली, तर कान धरून एकवीस उठाबशा काढीन!" शेजारच्या मळ्यातला राघू बोलून गेला.

"अन् सडली तर मी काढीन," रोहिणी फणकारली.

तिचे वडील सोपानतात्या जवळच होते. "सडली तर पुढल्या साली स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात कांदाच. लई झाली हौस."

रोहिणीचा चेहरा उतरला, तसा राघू पस्तावला. पोरगी आवडत होती हो त्याला! जीभच मेली घसरली.

मंगळवारी दुपारी ती जेवायला गेली, तसा राघू चोरपावलांनी तिच्या छपरात शिरला. फळं गार ठेवायला तिनं रचलेला विटांचा बुटका हौद, दुहेरी भिंतींमधे ओली वाळू, वर ओलं गोणपाट. त्यानं आत हात घातला... अन् थबकलाच. बाहेर ऊन रणरणतंय, आत माघातली पहाट! वीज नाही, बर्फ नाही. देठासकट लाल फळं ओळीनं निवांत निजलेली. देवळात शिरल्यागत त्यानं चपला काढल्या.

मग मदत म्हणून, कोथिंबिरीवर मारतात तसं, तांब्याभर पाणी शिंपडलं.

"राघ्या!" दारात रोहिणी. "पैजेपायी फळं नासवतोस?"

"अगं, ताजी ऱ्हावीत म्हणून..."

"ओल्या फळाला बुरशी धरती, शहाण्या! म्हणून तर मी धूतच न्हाई." ती थांबली. "म्हंजे... मला जिंकवायला आलतास?"

राघू चपला शोधू लागला.

"पळू नको. बस. पूस."

धोतराच्या मऊ फडक्यानं दोघं एकेक फळ टिपत बसली. एका फळावर दोघांची बोटं आली... कुणीच मागं घेतली नाहीत.

"इतकं हळू?" तिनं विचारलं.

"फुटंल ना—"

"फळ, का तू?"

गुरुवारी बाजारात टोपलं उघडलं अन् गर्दी लोटली! फळं तकतकीत, आत्ता तोडल्यागत. सोपानतात्यांनी एक खाल्लं, गुपचूप दुसरं उचललं. "कांदा दुसरीकडं लावू," म्हणाले.

राघूनं कान धरले. मोजायचं काम रोहिणीचं.

"एक... दोन... तीन—" नजरानजर झाली. "विसरले. परत पहिल्यापासनं!"

पुढच्या खेपेला ती चारवर विसरली, मग दोनवरच. बाजाराला कळायचं ते कळलं.

"दमलास व्हय?"

"न्हाई," राघू धापा टाकत, सगळ्यांदेखत म्हणाला. "तू मोजणार असशील, तर जल्मभर काढतो."

सगळा बाजार रोहिणीकडं वळला. तात्यांनी तिसरं फळ उचललं.

रोहिणीनं ओढणीचं टोक दातात धरलं, अन् हळूच म्हणाली, "...एक."