सिलोरा

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची एसटी लागली आणि मी मुलीला कडेवर घेऊन मिळेल त्या सीटवर बसले. शेजारचा माणूस वहीत लिहीत होता... वेलीच्या तणाव्यांसारखी वळणदार अक्षरं.

"कोन्ती लिपी हाय ही?"

"एल्फांची." तो हसला. "टोकदार कानांचे, रानातले लोक. गोष्ट लिहून राहिलो त्यांची. भाषा बी मीच बनवून राहिलो."

"रिकामे दिसता!"

"फक्त रविवारी. बाकी दिवस गणित शिकवतो."

"आडनाव काय तुमचं?"

"वानखडे. झालं समाधान?"

माझे कान तापले. आमच्याकडे वानखडे कुणब्यांतही, बौद्धांतही. म्हणून पुढचा प्रश्न गावाचा असतो. तो मी गिळला.

"आन् त्या लोकांचं नाव?"

"सिलोरा. म्हंजे — ज्यांच्याजवळ लेकरू बिनघोर झोपते, ते लोक. जन्मानं कोनी सिलोरा नसते."

मी खाली पाहिलं. घटस्फोटानंतर दोन वर्षं जिला कुणाच्या हातात दिली नव्हती, ती माझी प्रणाली त्याच्या बाहीवर गाल टेकून झोपली होती. ओढून घ्यायला हात उचलला... आणि परत खाली घेतला.

मग दर रविवारी तीच बस. तो माझ्याकडे न पाहता लिहायचा, आणि मी पाहतेय हे त्याला बरोब्बर कळायचं.

शेवटी बाबांना सांगितलं, वानखडेंशी लग्न करते म्हणून.

"वानखडे? मंग त आपल्यातलाच!"

"नाव संघपाल."

बाबांचा चहा बशीत सांडला. "लोकायले काय सांगू मी, कोनातला हाय?"

"सिलोरा सांगा."

"काईतरीच! लेकीचा तरी विचार कर, प्राजक्ता."

"तिचाच करून राहिली. तुमी पाहून देल्ला तो आपल्यातलाच होता, बाबा. त्याचा आवाज आला का ती पलंगाखाली लपे."

मी चपला घातल्या.

विवाह नोंदणीच्या कार्यालयात संघपाल फॉर्म धरून उभा होता. "तीस दिवस नोटीस लागते बोर्डावर. नावं, पत्ते... तुमच्या गावच्या कोनी वाचलं त? अजून विचार करा."

"करूनच आली. आन् हे 'तुमी-तुमी' बंद कर आता."

"...कर?"

"हो. कर."

त्याचे कान लाल झाले. मी पेन ओढून घेतला, सही केली.

काही दिवसांनी नोटीस निघाली. शिपायाने ती बोर्डाच्या पार खालच्या कोपऱ्यात टाचली.

"थोडी वर लावा, भाऊ," मी म्हणाले. "तिथं लोकायले दिसत नाई."