शेवटच्या बाटलीतला निळा

पुतळी अंगठ्याहून उंच नव्हती. तिच्या खांद्यावर निळी शाल होती. शेजारच्या पुतळीची शालही निळीच, पण किंचित फिकी. कापडाच्या उजव्या आणि उलट्या बाजूत असतो, तेवढाच फरक.

वहिनी दोन्ही पुतळ्या खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिल्या. भावोजींना तो फरक तिसऱ्या खेपेस दिसला, तोही वहिनींनी बोट ठेवल्यावर.

प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढून वहिनी निवृत्त झाल्या होत्या आणि आता लोकांचे खासगी तपास करत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, सोबत जात, पिशवी धरत आणि चुकीचे अंदाज बांधत.

"बाटलीत भलताच रंग भरलाय," घड्याळजी म्हणाले.

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस म्हातारपणी धातूच्या पुतळ्या रंगवी. रंगवणं त्याचं, मोजणं बायकोचं. रुंद तोंडाच्या डब्यांतले रंग चोचीच्या बाटल्यांत भरून घ्यायचे, थेंब मोजून मिश्रणं करायची, प्रमाण वहीत लिहायचं, हे सगळं ती करी. दोन वर्षांपूर्वी ती गेली. जाण्याआधी अंथरुणावर बसून तिने या निळ्याची एक बाटली भरून ठेवली होती. तेव्हापासून प्रत्येक पुतळीच्या अंगावर कुठे ना कुठे तो निळा असेच.

"ही बाटली संपली की ब्रश खाली ठेवायचा, हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं," ते म्हणाले. "आणि पोस्टमनने तिचा रंग पळवला. त्याच्याशिवाय टेबलाजवळ येतं कोण? पुरावा द्या, म्हणजे त्याला दार बंद."

पोस्टमन हा त्यांचा एकुलता एक शिष्य, आणि खरं तर एकुलता एक मित्र.

एका पुतळीला हा निळा किती लागतो, असं वहिनींनी विचारलं. दहा थेंब, मोजून. आणि पुतळ्या किती झाल्या? आठवड्याला एक, फळ्यांवर एकशे चार उभ्या होत्या. वहिनी उगाच वेळ काढतायत, असं भावोजींना वाटलं.

बाटली सतरा मिलिलिटरची होती. दुधी प्लास्टिकची, आतून रंगाने माखलेली. किती उरलंय ते बाहेरून कळत नव्हतं. वहिनींनी ती हातात तोलली, हलवली. रंग ढवळायला आत टाकलेला छर्रा जडपणे खुळखुळला.

टेबलावर राखाडी आणि साध्या निळ्याच्या चोचीच्या बाटल्या होत्या, पांढऱ्याचा रुंद डबा होता आणि जाड टोकाचा प्लास्टिकचा ड्रॉपर. तो कोरा दिसत होता.

"तिचा काचेचा होता," घड्याळजी म्हणाले. "मागच्या महिन्यात पुसताना मुलीच्या हातून फुटला, म्हणून तिने हा आणला. मला काय करायचाय? मिश्रण करायला मी बसतच नाही. हा साधा निळासुद्धा दोन वर्षांत उघडलेला नाही."

वहीतलं शेवटचं पान वहिनींनी उतरवून घेतलं. निळा बारा, पांढरा चार, राखाडी एक.

मुलगी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत बसली होती. तिशी उलटलेली, थकलेली. तिने सगळ्याला थोडक्यात उत्तरं दिली: काही पाहिलं नाही, काही ठाऊक नाही. उठता उठता तेवढं म्हणाली, "पोस्टमनकाकांना यात ओढू नका. ते तसे नाहीत."

पोस्टमनला आपल्यावर संशय आहे हे ऐकून राग आला नाही, वाईट वाटलं. रविवारी सकाळी तो येई, घड्याळजींच्या समोर बसे, त्यांच्याच समोर उठे. त्या बाटलीला आजवर हात लावलेला नव्हता. त्याला काळजी होती ती मुलीची. दुसऱ्या शहरात बढती, असं तिला तिसरं पत्र आलं होतं. आधीच्या दोन्हींना ती नाही म्हणाली. या वेळी सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि त्यापुढे कंपनी विचारणार नव्हती. का जात नाही, हे मात्र ती कुणालाच सांगत नसे.

रंगांच्या दुकानात गर्दी नव्हती. रंगवाल्याने घड्याळजींचं नाव काढताच कौतुक केलं. म्हातारा बसून काम करतो हो, त्या घरात साधा निळा सारखा लागतो, मुलगी येऊन नेते. मागच्या महिन्यात ड्रॉपरही नेला.

"धरला!" रस्त्यावर येताच भावोजी म्हणाले. "हा रंगवालाच भेसळ करतोय."

"भावोजी, तुम्ही थेंब मोजायला चला," वहिनी म्हणाल्या.

घरी वहिनींनी तशीच रिकामी बाटली पाण्याने भरली आणि भावोजींना मोजायला बसवलं. साठावर त्यांचा आकडा चुकला आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मग वहिनींनी औषधाचा एक जुना काचेचा ड्रॉपर काढला, दुकानातून आणलेला प्लास्टिकचा काढला, आणि दोन्हींचे दहा-दहा थेंब नाजूक काट्यावर तोलले. चष्मा काढून नुसत्या बसून राहिल्या.

"उलगडलं ना? मग असा चेहरा का?" भावोजींनी विचारलं.

"चोर सापडला असता तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या.

रविवारी दुपारी सगळे त्या टेबलाभोवती जमले. पोस्टमन दाराशीच उभा राहिला. वहिनींनी त्याला खुर्ची दिली आणि मगच बोलायला सुरुवात केली.

"या बाटलीतून कुणी काही नेलेलं नाही. उलट, कुणीतरी भरत आलंय."

घड्याळजींनी मान वर केली.

"अशी बाटली पूर्ण भरली, तर पावणेचारशे थेंब निघतात. तुम्ही पुतळीला दहा घेता. म्हणजे सदतीस पुतळ्या. ही बाटली पहिल्या वर्षीच, नऊ महिन्यांच्या आत संपायला हवी होती. तुम्ही एकशे चार रंगवल्यात, आणि ती अजून जड आहे."

वहिनींनी टेबलावरचा ड्रॉपर उचलला.

"साधा निळा तुम्ही उघडत नाही, तरी दुकानातून येतो. दोन वर्षं कुणी वापरत नाही असा ड्रॉपर पुसायला कशाला काढावा लागतो? तो वापरात होता. वहीतल्या प्रमाणाने मिश्रण होत होतं, आणि ते हुबेहूब जमत होतं. मग काचेचा ड्रॉपर फुटला. निळा आणि राखाडी आपापल्या चोचीतून पडतात, त्यांचे थेंब तेच राहिले. पांढरा मात्र डब्यातून ड्रॉपरने घ्यावा लागतो. प्लास्टिकचं टोक जाड, त्याचा थेंब दीडपट मोठा. वहीप्रमाणे चारच थेंब घातले, पण पांढरा सहा थेंबांइतका पडला. शाल फिकी झाली. मोजणाऱ्याने आकडा चुकवला नाही. थेंब बदलला, एवढंच."

भावोजींनी मुलीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. आपल्याला एकदा तरी वहिनींच्या आधी कळावं असं त्यांना नेहमी वाटे. आज वाटलं नाही.

"दर महिन्याला थोडा," मुलगी हळू म्हणाली. "तुम्ही दुपारी झोपलात की. आई गेल्यावर तुम्ही जेवायला उठायचात ते फक्त या टेबलावरून. बाटली संपली असती तर कशावरून उठला असतात?"

घड्याळजींनी एक पुतळी उचलली, मग दुसरी, मग मागच्या रांगेतली एक. जुनी आणि नवी शेजारी धरून ते पाहत राहिले.

"म्हणजे तिचा रंग पहिल्याच वर्षी संपला होता," ते म्हणाले.

"हो," मुलगी म्हणाली.

"आणि मला कळलं नाही."

पोस्टमन उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. घड्याळजींनी त्याचा हात चाचपडत धरला, पण बोलले ते मुलीशी.

"ती पत्रं याच्यासाठी परत केलीस? महिन्याला हे भरायचं म्हणून?"

मुलीने होकारार्थी मान हलवली.

"उद्या काय लिहिणार आहेस?"

खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली. भावोजींनी पिशवी उचलली, पण वहिनींनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं.

"आता बाटली भरायची नाही," घड्याळजी म्हणाले. "ती संपली, म्हणजे माझा शब्द..."

मुलीने डोळे पुसले नाहीत. दोन वर्षं अडलेलं वाक्य तिने सावकाश, एकेक शब्द मोजल्यासारखं बाहेर काढलं.

"बाबा, तुम्ही ब्रश खाली ठेवलात, तरी मी जातेय."